नमुना सरकारचा, नाव जनतेचे. प्रूफ कोणी वाचावे?

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांची गोष्ट ही केवळ नोटांची आणि टपाल तिकिटांची गोष्ट नाही. हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीकडून छापून आणण्याची जुनी पद्धत सोडून ब्रिटिश सरकारने १९२५ च्या सुमारास येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा केला. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि त्याच वर्षी पाच रुपयांची नोट नाशिकला छापून बाहेर पडली. साम्राज्याने हे छापखाने जनतेच्या कळवळ्यापोटी काढले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको. तथापि तेथे राबलेल्या कामगारांच्या पिढ्यांनी छपाईची जी शिस्त अंगी बाणवली, ती आजच्या एका अगदी नव्या प्रश्नाला मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

ही शिस्त कोणती? चलनी नोटेवर दोन प्रकारचा मजकूर असतो. चित्र, किंमत, बँकेचे वचन हा स्थिर मजकूर. तो सर्व प्रतींवर सारखाच. क्रमांक हा बदलता मजकूर. तो प्रत्येक प्रतीवर निराळा. स्थिर मजकुरात चूक झाली तर लाखो प्रती चुकतात आणि ती चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते. बदलत्या मजकुरातील चूक एकाच प्रतीत राहते आणि म्हणूनच ती कोणाच्या नजरेस येत नाही. यास्तव नोटेच्या छापखान्यात प्रत्येक ताव मोजला जातो, तपासला जातो, आणि खराब निघालेल्या तावाचाही हिशेब ठेवावा लागतो. सदोष नोटेच्या जागी पूर्वी त्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून घालावी लागे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने क्रमांकात ताऱ्याची खूण असलेल्या बदली नोटा चलनात आणल्या. चूक झाली होती, ती छापखान्यातच सापडली आणि तिच्या जागी ही प्रत घातली गेली, अशी उघड कबुली त्या ताऱ्यात असते.

दहा रुपयांच्या नोटेवरील क्रमांकाला राज्यसंस्था एवढी जपते. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, विद्यार्थिनीच्या नावाला ती तेवढी जपते काय? हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण असे की, नागरिकाच्या हाती पडणारा जवळजवळ प्रत्येक सरकारी कागद आता नोटेसारखाच तयार होऊ लागला आहे. त्याचा नमुना स्थिर असतो, त्यातील नाव मात्र दर प्रतीला बदलते. फरक इतकाच की, नोटेमागे असलेली तपासणी या कागदामागे नाही.

एका प्रतीची आवृत्ती

खिळे जुळवून छपाई होई त्या काळी यंत्रावर एकदा फर्मा चढला की हजार प्रती एकसारख्या निघत. ऑफसेटचा पत्रा आला तरी त्यात बदल झाला नाही. प्रत्येक प्रतीवर वेगळे नाव हवे असेल तर जागा कोरी सोडावी आणि कारकुनाने ती हाताने भरावी, हीच रीत होती. पावतीपुस्तकावर क्रमांक टाकण्यास नंबरिंग मशीन असे; परंतु नाव टाकण्यास माणसाचाच हात लागे.

१९९३ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पत्रा न बनवता संगणकावरून थेट छापणारी, आणि म्हणून प्रत्येक तावावर वेगळा मजकूर उमटवू शकणारी डिजिटल छपाईयंत्रे त्या वर्षी बाजारात आली. त्याच वर्षी ॲडोबी या अमेरिकन कंपनीने पीडीएफ नावाची फाइलपद्धती आणली. कोणत्याही संगणकावर उघडले तरी पान तसेच्या तसे दिसावे, हा तिचा गुण. २००८ मध्ये ती एका कंपनीच्या मुठीतून सुटून खुले आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली, आणि २०१० मध्ये खास बदलत्या मजकुराच्या छपाईसाठी तिचे स्वतंत्र प्रमाण ठरविण्यात आले. या छपाईला व्यवसायात व्हेरिएबल डेटा प्रिंटिंग असे म्हणतात.

तिची रीत समजण्यास अवघड नाही. पीडीएफचे एक पान नमुना म्हणून तयार केले जाते. त्यावरील किनार, बोधचिन्ह, मथळे, रेघा हे सारे पक्के असते. जेथे नाव, गाव, गट क्रमांक किंवा रक्कम यावयाची, त्या जागा मोकळ्या ठेवून प्रत्येक जागेला एक ओळखीचे नाव दिलेले असते. दुसरीकडे माहितीचा तक्ता असतो. त्यातील एक ओळ म्हणजे एक माणूस. संगणक तक्त्यातील एकेक ओळ उचलतो, नमुन्यातील जागा भरतो आणि पान पुढे सारतो. छपाईयंत्र स्थिर भाग एकदाच वाचून स्मरणात ठेवते आणि पुढच्या प्रत्येक पानासाठी फक्त बदलता भाग नव्याने घेते. त्यामुळे लाख माणसांची लाख निराळी पाने भराभर निघतात. वीजबिल, विम्याची सूचना, परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रिका, लसीकरणाचे प्रमाणपत्र, मतदाराची चिठ्ठी या सर्वांची घडण थोड्याफार फरकाने अशीच असते. पुष्कळदा तर छपाईचे कामही नागरिकावरच सोपवले जाते. फाइल त्याच्याकडे येते आणि गावच्या सेवा केंद्रात पैसे मोजून तो ती कागदावर उतरवून घेतो.

या तंत्राला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. ज्या कागदासाठी तालुक्याच्या ठिकाणी चार खेपा घालाव्या लागत, तो गावात मिळू लागला ही लहान गोष्ट नव्हे. एखाद्या कामगार संघटनेला आपल्या हजार सभासदांची ओळखपत्रे एका संध्याकाळी करता येतात, हीही चळवळीच्या सोयीचीच गोष्ट आहे. यंत्राला शत्रू मानणे हे समाजवादी विचारात कधीच बसले नाही. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या चुकीचा भार कोण वाहतो, एवढाच प्रश्न त्या विचाराने सतत विचारला आहे.

या छपाईतील खरी अडचण तिच्या वेगात नाही, प्रुफात आहे. पूर्वी हजार प्रतींचे प्रूफ एकच असे. मुद्रितशोधकाने ते वाचले की हजार प्रती शुद्ध होत. आता हजार प्रतींची प्रुफे हजार झाली, कारण प्रत्येक पान ही एका प्रतीची स्वतंत्र आवृत्ती झाली. नमुना साहेब पाहतात. वानगीदाखल पहिली चार पाने कारकून पाहतो. त्यापुढील पाने कोणीही वाचत नाही. त्या एका प्रतीचा वाचक एकच, ज्याचे नाव तीवर आहे तो. आणि तोही ती छापून झाल्यावर वाचतो. बहुधा एखाद्या खिडकीपाशी, त्याचा कागद परत त्याच्या हातात ठेवला गेल्यावर.

मराठी माणसाच्या बाबतीत या अडचणीत आणखी भर पडते. कित्येक ठिकाणी मूळ नाव रोमन लिपीत नोंदलेले असते आणि यंत्र ते देवनागरीत उतरवते. रोमन लिपीला ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल, ण आणि न यांतील भेद ठाऊक नाही. मग काळे यांचे काले होतात, तडवी यांचे तदवी होतात. जुन्या खासगी टंकांत साठवलेला मजकूर युनिकोडच्या नमुन्यात ओतला की जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. नमुना आखणाऱ्याने नावासाठी सोडलेली जागा तोकडी असेल तर नाव मध्येच तुटते. शहरातील सुशिक्षिताला या गोष्टी किरकोळ वाटतील. परंतु एका कागदावर काळे आणि दुसऱ्यावर काले असे छापून आले की बँकेतील कर्ज, पिकाचा विमा, मुलीची शिष्यवृत्ती यांपैकी काहीही अडून राहू शकते. आणि ही दोन्ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्रावर नसते, यंत्र चालविणाऱ्यावरही नसते. ती त्या माणसावर असते. प्रतिज्ञापत्र त्याने करावयाचे, मुद्रांकाचा खर्च त्याने सोसावयाचा, मजुरीही त्याचीच बुडावयाची. चूक एकाची आणि दंड दुसऱ्याला, हा न्याय कोणत्या कायद्यात बसतो?

प्रश्न रकान्याचा

परंतु अक्षराची चूक ही या प्रश्नाची वरची बाजू झाली. नमुना स्वतःच एक निर्णय असतो, ही त्याची खोल बाजू आहे. संगणकवाले ज्याला टेम्प्लेट म्हणतात त्याला महाराष्ट्राच्या महसूल खात्याने फार पूर्वीच मराठी नाव देऊन ठेवले आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. सातव्या नमुन्यात जमिनीवरील हक्कांची नोंद, बाराव्यात पिकांची. कोणत्या रकान्यात कोणाचे नाव बसते, यावर त्या माणसाचे त्या जमिनीशी असलेले नाते ठरते.

१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस खुला केला. १५ रुपये भरले की पीडीएफ फाइल मिळते. तलाठ्याच्या सहीसाठी ताटकळावे लागत नाही. या सुधारणेचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्याच वर्षी, त्याआधी अवघे दोन महिनेही झाले नव्हते तोच, नाशिक जिल्ह्याने एक दुसरे दृश्य पाहिले होते. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईकडे पायी निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी स्त्रीपुरुष त्यांत मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चच्या पहाटे ते आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांची वाट अडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला, ही गोष्ट मुंबईकर अद्याप विसरलेला नाही.

कर्जमाफी आणि शेतमालाचा भाव या मागण्यांबरोबर त्यांची जुनी मागणी होती ती वनजमिनीच्या हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान् पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला. विवाहित दावेदाराचा पट्टा पतिपत्नींच्या संयुक्त नावे द्यावा, असेही त्या कायद्यात लिहिलेले आहे. तरीही दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, आणि पट्टा मिळाल्यावरही सातबाऱ्यावर नाव कोठे लागते हा झगडा उरलाच. नाव इतर हक्काच्या रकान्यात नको, कब्जेदार सदरी हवे, ही मागणी नाशिकच्या आदिवासी शेतकऱ्यांनी पुढेही वारंवार लावून धरली. वरवर पाहता हा एका रकान्याचा वाद दिसतो. परंतु पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांच्या वाटा त्या रकान्यातूनच जातात, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

येथे नव्या तंत्राचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. तक्त्यात ओळच नसेल तर पान निघत नाही. ओळ असली, पण ती चुकीच्या रकान्याशी जोडलेली असली, तर पान निघते. स्वच्छ निघते, डिजिटल स्वाक्षरीसह निघते, आणि चुकीचे निघते. डिजिटल स्वाक्षरी दोनच गोष्टींची हमी देते. ही फाइल अमुक अधिकाऱ्याकडून आली आणि त्यानंतर तिच्यात फेरफार झालेला नाही. आतील मजकूर खरा आहे की नाही याविषयी ती मुकी असते. हस्तलिखित सातबाऱ्यावरील खाडाखोड पाहून निदान शंका तरी येई. छापील शुद्धतेमुळे ती शंकाही नाहीशी होते आणि चूक अधिकृत होऊन बसते.

ही दक्षता महसूल खात्याला अगदीच परकी आहे असे मात्र नाही. सातबाऱ्याचे संगणकीकरण होत असताना हस्तलिखित आणि संगणकीय नोंदींत तफावती आढळल्या. तेव्हा गावोगाव चावडी वाचन करण्यात आले. तलाठ्याने नोंदी मोठ्याने वाचाव्यात आणि खातेदारांनी चूक दाखवावी, ही ती पद्धत. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ पूर्वीपासून आहेच. चावडी वाचन हे दुसरे तिसरे काही नसून गावाने केलेले मुद्रितशोधन होय. दुर्दैव एवढेच की, ते मोहिमेपुरते केले गेले. प्रत्येक फेरफाराबरोबर आणि नमुन्याच्या प्रत्येक बदलाबरोबर होणारी कायमची रीत ते झाले नाही.

स्थिर भागाचे राजकारण

नमुन्याचा बदलता भाग नागरिकाचा, तर स्थिर भाग सत्तेचा. सत्ता या भागाचा उपयोग कसा करते याचा धडा २०२१ साली देशाला मिळाला. कोविडच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र ही नमुनाछपाईची फार मोठी उठाठेव होती. नाव, वय, लसीचा प्रकार आणि तारीख दर माणसाला बदलत होती. पंतप्रधानांचे छायाचित्र मात्र पक्के होते. लस जनतेच्या पैशाची, दंडात टोचून घेणारे जनतेचे, आणि कागदावर चेहरा एका पक्षाच्या नेत्याचा! विधानसभा निवडणुका असलेल्या राज्यांत निवडणूक आयोगाच्या सूचनेवरून ते छायाचित्र काढावे लागले. तेव्हा नमुना बदलणे तंत्रदृष्ट्या किती सोपे आहे हेही दिसून आले. नमुना बदलत नाही याचे कारण तो बदलता येत नाही हे नव्हे, तो बदलण्याचा अधिकार नागरिकाजवळ नाही हे आहे.

मतदार यादीच्या बाबतीत तर पीडीएफचा उपयोग नमुना म्हणून न होता भिंत म्हणून होतो. निवडणूक आयोगाजवळ यादी तक्त्याच्या रूपात असते. तिच्यात शोध घेता येतो, दुबार नावे पडताळता येतात. जनतेला मिळते ते त्या यादीचे पीडीएफमधील चित्र. त्यात बोट ठेवून एकेक नाव वाचण्यावाचून गत्यंतर नाही. शोध घेता येईल अशा रूपात यादी द्यावी, ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मतदारांच्या खासगीपणाचे कारण त्या वादात पुढे केले गेले, आणि ते सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु परिणाम काय झाला? ज्यांच्याजवळ पैसा आहे ते कंपन्यांना कामास लावून त्या चित्रांवरून पुन्हा तक्ते तयार करून घेतात आणि घरोघर मतदाराच्या नावाने छापलेली पत्रे व चिठ्ठ्या पाठवतात. ज्यांच्याजवळ केवळ कार्यकर्ते आहेत, ते रात्र रात्र जागून यादी उतरवून काढतात. खासगीपणा राहिला बाजूला. विषमता तेवढी पक्की झाली.

तेलगीचा धडा चुकीचा वाचला गेला

यावर कोणी असे म्हणेल की, कागदाच्या जुन्या व्यवस्थेतही अनाचार होताच. नाशिककरांनी तरी तो विसरू नये. आक्षेप रास्त आहे. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण नाशिकरोडच्या छापखान्याला स्पर्श करून गेले होते. छापखान्यातून मोडीत काढलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती लागली, असे तपासात पुढे आले. २००१ मध्ये त्याला अटक झाली, २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली आणि २०१७ मध्ये कैदेत असतानाच त्याचा अंत झाला. त्या प्रकरणानंतर मुद्रांकाचा कागदच नको, या विचाराने जोर धरला. केंद्र सरकारने स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनला मध्यवर्ती नोंदसंस्था नेमले आणि अनेक राज्यांत ई-मुद्रांक सुरू झाला. पक्षकारांची नावे, रक्कम आणि एकमेव क्रमांक नमुन्यात भरून छापलेले प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप आहे. खरेपणा आता कागदाच्या जलचिन्हात उरला नाही, दूरच्या संगणकातील नोंदीत गेला.

यात गैर काही नाही. परंतु तेलगी प्रकरणाचा धडा केवळ कागद असुरक्षित होता एवढाच होता काय? तावांचा हिशेब ठेवणाऱ्या कामगाराच्या टेबलावर ते भगदाड पडले नव्हते. यंत्र मोडीत काढणाऱ्या, परवाने देणाऱ्या आणि डोळेझाक करणाऱ्या बंद दालनांत ते पडले होते. म्हणजे जेथे मोजणी होती तेथे व्यवस्था टिकली आणि जेथे लोकांची नजर पोहोचत नव्हती तेथे ती कोसळली. कागद जाऊन तक्ता आला म्हणून बंद दालन आपोआप उघडे होत नाही. तक्त्यात ओळ घालण्याचा, गाळण्याचा, रकाना बदलण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याची नोंद कोण पाहतो, हा प्रश्न पूर्वीइतकाच जिवंत राहतो. उलट एक खोटा मुद्रांक छापण्यास यंत्र, शाई, कागद आणि माणसे लागत. तक्त्यातील एक ओळ गाळण्यास एक बोट पुरते.

सार्वजनिक ताबा आणि नवे तंत्र एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरणही नाशिकरोडलाच आहे. देशाच्या पारपत्राची कोरी पुस्तिका इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होते. चिप बसविलेले ई-पारपत्रही तेथेच बनू लागले आहे. धारकाचे नाव आणि छायाचित्र त्यात नंतर पारपत्र कार्यालयाकडून उमटवले जाते. २००६ मध्ये हे छापखाने थेट सरकारी खात्याकडून सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडे गेले, तरी त्यांची मालकी सार्वजनिकच राहिली. परदेशी जाणाऱ्याच्या कागदाला जर सरकारी छापखाना, कुशल कामगार आणि हिशेबी ताव लागतो, तर सुरगाण्याच्या शेतकरणीच्या कागदाला खुल्या निविदेतील सर्वांत स्वस्त ठेकेदार पुरे, असे का मानावे?

मागण्या आणि काम

यातून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली मागणी अशी की, नागरिकाच्या हक्काशी संबंधित प्रत्येक कागदाचा कोरा नमुना, त्यातील प्रत्येक रकान्याच्या अर्थासह, मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि त्यात बदल करण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागविल्या पाहिजेत. दुसरी, छपाईपूर्वी वाचन झाले पाहिजे. ज्या नोंदी मुळातच सार्वजनिक आहेत त्यांचे वाचन ग्रामसभेत व वॉर्डसभेत व्हावे. ज्या खासगी आहेत, उदाहरणार्थ आरोग्याच्या, त्यांचे प्रूफ त्या व्यक्तीलाच आधी दाखवून तिची संमती घ्यावी. तिसरी, कचेरीच्या चुकीची दुरुस्ती विनामूल्य आणि मुदतीत व्हावी. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दुरुस्तीची सेवा त्याच्या कक्षेत कसोशीने बसवावी. दुरुस्त प्रतीवर ताऱ्याच्या नोटेप्रमाणे खूण असावी, म्हणजे जुन्या आणि नव्या कागदांतील तफावतीचा जाब नागरिकाला द्यावा लागणार नाही. चौथी, जनतेच्या माहितीचे तक्ते ठेकेदाराच्या संगणकात राहू नयेत. ही छपाई केंद्राच्या आणि राज्याच्या सरकारी मुद्रणालयांकडे यावी आणि त्यासाठी तेथे कायम कामगार नेमावेत. पाचवी, कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही नेत्याचा चेहरा नागरिकाच्या कागदावर छापला जाऊ नये.

सरकार या मागण्या मान्य करील तेव्हा करील. तोवर कार्यकर्त्यांना काम नाही असे मात्र नव्हे. सभासदांच्या याद्या, वर्गणीच्या पावत्या, मतदारांच्या चिठ्ठ्या हे सारे पक्षकार्यालयांतही आता याच रीतीने छापले जाते. तेथे तरी नाव ज्याचे त्याच्याकडून तपासून घेतले जाते काय? काम संपल्यावर दूरध्वनी क्रमांकांचे तक्ते पुसून टाकले जातात काय? चिठ्ठीवर गरजेपेक्षा अधिक माहिती छापली जात नाही ना? जे सरकारला विचारावयाचे ते आधी स्वतःच्या कपाटाला विचारले पाहिजे.

आणि दुसरे काम गावात आहे. १ मे हा महाराष्ट्रदिन, कामगारदिन, ग्रामसभेचा दिवस आणि डिजिटल सातबाऱ्याचाही वर्धापनदिन. त्या दिवशी गावातील सातबारे काढून आणावेत. ते मोठ्याने वाचावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांचे नाव कोणत्या रकान्यात आहे हे सांगावे, विधवांची आणि लेकींची नावे लागली आहेत की गळली आहेत हे पाहावे, आणि चुकांची यादी करून ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांकडे द्यावी. दिंडोरी आणि सुरगाण्याची माणसे त्या एका ओळीसाठी मुंबईपर्यंत चालत गेली होती. ती ओळ छापून आल्यावर नीट छापली आहे की नाही, हे गावातल्या गावात बसून वाचणे त्या मानाने फारसे अवघड नाही.